उजव्या हाताचा घास

नाकाडोंगरी,
११ डिसेंबर

प्रिय निक्या,

ताईचा तुले आशीर्वाद. इकडे सारे खुशाल आहेत असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे. पेन घेऊन बसली, पण ते काही माझ्यानं लिहिणं झालं नाही. खुशाली खाली येईलच, जशी आहे तशी.

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर बंद करून ठेवला, मायचा बंद, तुझ्या भाऊजीच्या फोनवरून लावला तं माझा आवाज ऐकून कट. मंग प्रितमले धरलं. तुझा दोस्त तोंडाचा घट्ट निघाला, पण त्याच्या मायसमोर जाऊन उभी राहिली तेव्हा रायपूरचा पत्ता बाहेर आला. पत्र काही बंद करता येत नाही. फाडशील तं फाड, पण फाडायच्या आधी वाचशीलच. तुझा स्वभाव मले माहीत आहे.

मी आंधळगावहून इकडे येऊन पंधरवडा झाला. तुझे भाऊजी म्हणतेत, राह जितके दिवस लागतील तितके. काहून आली ते सांगते. टिकल्या खाऊन नाही राहिला.

खात नाही म्हणजे नाहीच. पाणी पिते, अंगणात जाऊन मुतून येते, पुन्हा खाटेखाली येऊन पडते. भात देऊन पाहिला, दूध देऊन पाहिलं, मायनं अंडं उकडून दिलं, शेजारचे टेकचंदकाका त्यांच्या घरून कोंबडीचं हाड घेऊन आले. तोंडासमोर धरलं का मान फिरवते. लाळ गळते रे त्याची. नाकपुड्या फुगतेत, पोटातून आवाज येते, आणि मान तिकडे. बरगड्या दिसून राहिल्या. रानात जाऊन काही मारून खात असेल म्हणावं तं खाटेखालून हालत नाही.

गावातले लोक पाहायला येतेत. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, खाली रडणारे चेहरे टाकले, 'मुका जीव, मालकासाठी उपाशी' असं लिहिलं. मले राग येते. मुका जीव दुःख करून नाही राहिला, तो सांगितलेलं ऐकून राहिला. हे तुले माहीत आहे, मले माहीत आहे, आणि ज्यानं सांगितलं त्याले माहीत आहे.

आता तू म्हणशील, मालकासाठी म्हणजे काय, मालकाले काय झालं. थांब जरा. तेच सांगायले बसली आहे, पण माझं मन सरळ तिथं जात नाही, बाजूबाजूनं जाते.

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तू त्याले शर्टात घालून आणलं होतं. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून मायनं टिकल्या नाव ठेवलं. पहिला महिना तो तुझ्या बोटानं दूधभात चाटे. मंग बाबुजीनं त्याले आपल्या हाताखाली घेतलं. काळू गेल्यापासून घरात कुत्रा नव्हता. तुझी बारावीची परीक्षा चालू होती आणि काळूले साप चावला, तेव्हापासून बाबुजीनं कुत्र्याचं नाव काढलं नव्हतं. टिकल्याले पाहून म्हणाले, "रानाकाठचा कुत्रा हावरा नाई पायजे. एका हातचा पायजे."

एका हातचा म्हणजे बाबुजीच्या उजव्या हातचा. खाईल तं त्याच हातचं. जमिनीवर पडलेलं नाही, ताटातलं नाही, दुसऱ्या कोणाच्या हातचं नाही. डावा हात वर झाला का नाही म्हणजे नाही, मंग समोर बोकड कापून ठेवा.

लहान होता तोवर सोपं गेलं. लहानपणी सारेच शहाणे असतेत. शिमग्याच्या आसपास तो वयात आला आणि बाप्पा, सारं विसरला. नाव घेऊन हाक मारली तं दुसऱ्याचा कुत्रा असल्यासारखा पाहे. साखळी तोडून बकऱ्यांच्या मागं पळे. शेजारच्या कौशल्याबाईनं वाळू घातलेली सुकट खाल्ली, बाबुजीचा एक बूट चावला, तुळशीपाशी मुतला. मी तेव्हा मोहफुलं वेचायले माहेरी आली होती. माय म्हणे, "निक्या धाव्वीच्या वर्गात होता तवा असाच होता, फक्त तुयशीपाशी मुतत नोता." तू पोट धरून हसला होतास. बाबुजी हसले नाहीत.

त्यांनी शिकवणं अजून कडक केलं, आणि फसवायचं काम तुले दिलं, कारण तो तुझ्यावर जीव टाके. तू हातावर उकडलेलं अंडं घेऊन बसायचं, लाडानं बोलवायचं, आणि त्यानं तोंड लावलं का बाबुजीनं निरगुडीची छडी नाकावर मारायची. मंग स्वतःच्या उजव्या हातानं भात द्यायचा. रोज हेच. तू नको म्हणत होतास. बाबुजी कारण सांगत नव्हते. त्यांनी जिंदगीत कोणाले कोणत्या गोष्टीचं कारण सांगितलं आहे?

त्या दिवशी मी अंगणात मोहफुलं पसरवून राहिली होती, सारं पाहिलं. छडी लागली तसा तो ओरडला, तिथंच मुतला, आणि सरपटत तुझ्या मांडीत घुसला. ज्यानं फसवलं त्याच्याच मांडीत. बाबुजीनं पुन्हा छडी उचलली आणि तू त्यांचं मनगट धरलंस. धरलं असतं तं ठीक होतं. तू पिळलंस. छडी पडली. बाबुजी म्हणाले, "कुत्र्याले शिकवता येते. तुले नाई शिकवता आलं." तू थैली भरून तुमसरची गाडी धरलीस. यापुढचं तुले माहीत नाही.

टिकल्या शिकला. छडीनं शिकला का वय उतरलं म्हणून शिकला, ते मले सांगता येणार नाही. धानाची रोवणी सरेपर्यंत एकदम शहाणा झाला. बाबुजी धानाच्या बांधीवर गेले का हा काठाच्या धुऱ्यावर बसून राही, बायांनी शिदोरी सोडली तरी तिकडे पाहत नसे. दिवाळीनंतर गावच्या मंडईची जत्रा भरली तेव्हा बाबुजीनं त्याले सोबत नेलं. पाहुण्यांच्या मटणाच्या पंगतीजवळ बसवलं. लोकांनी मुद्दाम हाडकं फेकली, तो हालला नाही. घरी येऊन बाबुजी मायले म्हणाले, "असं पोरगं पायजे होतं." हे मी लिहायले नको होतं, पण लिहिलं. माय म्हणते, तसं बोलून ते हात धुवायले मागच्या वाडीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

आता लिहिते. खळ्यात धानाचं चुरणं चालू होतं. बाबुजी रचलेल्या उंच पुंजण्यावर चढून धानाच्या पेंड्या खाली देऊन राहिले होते. मायनं पाहिलं तं एक पेंडी हातातून सुटली, मंग अजून एक सुटली, मंग ते स्वतःच बसले. तोंड वाकडं झालं होतं. आधी तुमसरले नेलं, मंग भंडाऱ्याले. लकवा म्हणाले. उजवं अंग सारं गेलं. बोलणंही गेलं, आ आ करतेत फक्त. अक्कल जागेवर आहे, सारं समजते, हेच जास्त वाईट आहे. तेव्हाच तुले फोन लावून राहिलो होतो आम्ही.

समोरच्या सपरीत त्यांची खाट टाकली आहे, टिकल्या खाटेखाली. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी बाबुजीनं डाव्या हातात भात घेतला आणि खाली धरला. टिकल्यानं वास घेतला. बाबुजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान फिरवली. डावा हात म्हणजे नाही, हे त्याले कोणी शिकवलं? बाबुजी पुन्हा पुन्हा हात पुढं करत राहिले. भात सारा खाली सांडला, तर सांडलेल्याले पण तो शिवला नाही. बाबुजी रडले रे निक्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तोंड वाकडं असलं का रडणं पण सरळ येत नाही.

आणि तुझ्या मनात काय येईल ते मले माहीत आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. भंडाऱ्याच्या डॉक्टरले मी स्वतः विचारलं, कोणी मनगट पिळल्यानं असं होते का म्हणून. तो म्हणे, बाई, हे डोक्यातल्या नसेचं आहे, हाताचा संबंध नाही. तोच उजवा हात आहे, हे खरं. पण संबंध नाही. मी बाहेर येऊन पुन्हा आत गेली आणि पुन्हा विचारलं.

तू ये. टिकल्यानं पहिला घास तुझ्या बोटानं खाल्ला, ते त्याच्या आत कुठंतरी असेल. छडीही तुझ्याच हातापाशी बसली, तेही असेल. म्हणून खात्री देत नाही. बाबुजीसाठी ये असं मी लिहीत नाही. ते बोलवत नाहीत, त्यांना बोलवता येत नाही. कुत्र्यासाठी ये. बाकीचं आल्यावर पाहू.

सपरीतून रस्त्याकडे पाहणारी,
तुझी रीनाताई


नाकाडोंगरी,
२९ डिसेंबर

प्रिय निकेश,

तुझा मेसेज आला. 'टिकल्या कसा आहे', एवढाच. बाबुजीचं नाव नाही. चल, तेवढं तं विचारलंस. मी लगेच उत्तर टाकलं, ते पोचलंच नाही, म्हणजे पुन्हा बंद केलंस. कसा रे असा तू. तं घे, पत्रातच वाच. टिकल्या खाऊन राहिला.

कसं झालं ते सांगते, तुले मजा येईल. डॉक्टरनं सांगितलं होतं का बाबुजीचा उजवा हात आपण धरून हालवत राहायचा, नाही तं आखडते. मी रोज तेल लावून हालवत होती. त्या दिवशी माय वरणभात कालवून बसली होती आणि मी हात धरून होती, तेव्हा डोक्यात आलं. आपण सारे आपापले हात पुढं करून राहिलो, आणि त्याले पाहिजे तो हात तं इथंच आहे.

बाबुजीचा तळवा उघडला, बोटं एकेक करून सरळ केली, मधोमध भात ठेवला. मनगटाखाली माझा हात लावून खाटेखाली नेला. टिकल्या उठून बसला. भाताकडे नाही, बाबुजीच्या तोंडाकडे पाहत राहिला. बाबुजीले 'घे' म्हणता येत नाही. त्यांनी नुसतं घशातून हुं केलं. आणि निक्या, त्यानं खाल्लं. एक शीत ठेवलं नाही. मंग बोटांच्या मधे जीभ घालून चाटत बसला. बाबुजीले तिकडचं काही समजत नाही, हात मेलेला आहे, पण ते डोळे फाडून आपल्याच हाताकडे पाहत होते. माय चुलीपाशी जाऊन रडली. मी मात्र हसली, खोटं कायले सांगू.

दोन्ही टाइम असंच चाललं. अंगावर मांस धरलं त्यानं. मंग मले वाटलं, असं किती दिवस चालन. मी काही जन्मभर इथं नाही. माय एकटीनं कोणाकोणाचा हात उचलन. आणि बाबुजी, म्हणजे उद्या काही झालं तं काय, याचा विचार कोणीतरी करावाच लागते. म्हणून मी त्याले नवीन शिकवणं सुरू केलं.

छडी नाही रे, भेऊ नको. आधी माझा हात बाबुजीच्या हाताखाली. मंग दोन्ही हात बाजूबाजूनं, भात अर्धा इकडे अर्धा तिकडे. मंग माझा हात वर, त्यांचा खाली. असं करता करता एक दिवस फक्त माझा हात. तो थरथरला. मान खाली घालून नाक लपवलं, जशी आता छडी बसणार. मी हालली नाही, बोललीही नाही. माझ्या हातावर डास बसले तरी बसून राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं ओठाच्या टोकानं एक शीत उचललं, मागं सरकला, वाट पाहिली. काही झालं नाही. मंग अजून एक. मंग सारा भात गपागप.

तिथून पुढं काही शिकवावं लागलं नाही. मायच्या हातचं खाल्लं, टेकचंदकाकाच्या हातचं खाल्लं, ताटातलं खाल्लं, खाली पडलेलं खाल्लं. राहिलेलं पोट्टेपण सारं एकदम बाहेर आलं. उड्या काय मारते, शेपटी काय हालवते. परवा कौशल्याबाईची सुकट पुन्हा पळवली. ती शिव्या देत आली आणि मी टिकल्याच्या कपाळाचा मुका घेतला, ते पाहून कौशल्याबाई म्हणे तुमचं सारं घरच येडं आहे. आता साखळी काढून टाकली आहे. सकाळी लाखोरीच्या वावराकडे चक्कर मारून येते आणि बाबुजीच्या पायाशी झोपते.

बाबुजी मात्र बाबुजीच आहेत. पहिल्यांदा तो माझ्या हातचं खाऊन राहिला तेव्हा ते आ आ करायले लागले, डावा हात वर करून खाटेच्या पाटीवर आपटायले लागले. टिकल्या थबकला, बसला मान फिरवून. इतक्या दिवसांची माझी मेहनत पाण्यात. मी त्यांचा डावा हात धरला आणि खाली दाबून ठेवला. म्हटलं, "बाबुजी, तुमचा कायदा आता संपला. खाऊ द्या त्याले." पुष्कळ जोर आहे अजून त्या हातात. पण मी दाबून धरला, आणि टिकल्यानं खाल्लं. तेव्हापासून खायच्या वेळी मी असाच त्यांचा हात हातात घेऊन बसते. ते माझ्याकडे पाहत राहतेत, डोळ्यातून पाणी येते. माय म्हणते, आनंदाचं आहे. मलेही तसंच वाटते.

तं आता तू घाई करू नको. नवीन नोकरी आहे, सुट्टीसाठी कोणाच्या पाया पडू नको. होळीले ये आरामानं. बाबुजी कुठं जात नाहीत, आणि टिकल्या आता कोणाच्याही हातचं खाते, तुझ्याही हातचं खाईल. एवढंच कर, एक ओळ बाबुजीच्या नावानं लिही. मी त्यांना वाचून दाखवते असं म्हणून तेवढी ओळ पुन्हा पुन्हा वाचीन.

खूप दिवसांनी हसलेली,
तुझी ताई


नाकाडोंगरी,
१९ जानेवारी

निकेश,

टिकल्या गेला.

सकाळी तो नेहमीसारखा लाखोरीकडे गेला होता. मी भांडी घासून राहिली होती. रानाच्या अंगानं फटाका फुटल्यासारखा आवाज आला. मले वाटलं कुठं लग्नाची वरात असेल, एवढ्या सकाळी कशी असेल हे पण वाटलं नाही. मी भांडी घासतच राहिली. मंग टेकचंदकाका दुपट्ट्यात गुंडाळून त्याले घेऊन आले. जिवंत होता. तोंडाचं मी लिहीत नाही. मी मांडीवर घेतलं तं शेपटी हालवली त्यानं. ढोराच्या डॉक्टरले फोन लावला, तो यायच्या आधी संपला.

डुकरं मारायले वावराच्या धुऱ्यावर कणकेच्या गोळ्यात बारूद भरून ठेवतेत. चावलं का फुटते. मले माहीत नव्हतं, इथंच वाढली तरी घरात कोणी कधी बोललं नाही, आणि आमच्या आंधळगावकडे रान कुठं आहे. कोणी ठेवला ते कोणी सांगत नाही. सारे येऊन गेले, सारे म्हणाले बहुत वाईट झालं, आणि मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती.

वाडीत आंब्याखाली त्याले पुरलं. माती ढकलता ढकलता माय खाली बसली आणि तिनं सांगितलं. "तुमाले कोनालेच सांगतलं नाई. काळूले साप नोता चावला. काळू बी असाच गेला."

बाबुजीनं असंच काळूले दुपट्ट्यात घालून आणलं होतं, आणि परस्पर पुरलं, आपल्याले दाखवलंही नाही. कोणी गोळा ठेवला होता ते त्यांना माहीत होतं. तुले सांगितलं असतं तं तू परीक्षा सोडून भांडायले धावला असतास, डोकं फोडलं असतंस नाही तं फोडून घेतलं असतंस. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच सोबत रोवणी करायची, त्याच्याच बांधीतून आपल्या बांधीत पाणी येते. म्हणून साप म्हणाले. आणि टिकल्या घरात आला तेव्हा ठरवलं, हा कोणाच्या हातचं, कुठलं पडलेलं खाणार नाही. ते काही पंगतीत मिरवायसाठी नव्हतं रे. मंडईत ते फक्त पाहून राहिले होते, शिकला का नाही.

मी मायवर ओरडली. म्हटलं, मी त्याले खायले शिकवून राहिली होती तेव्हा काहून नाही बोलली. माय म्हणे, "माया ध्यानातच नाई आलं वं. खाते म्हनून खुशी होती मले." तिले काय बोलायचं. तिच्या डोक्यात दवाखाना होता, धान होतं, तू होतास. पण बाबुजीच्या ध्यानात होतं. ते खाटेवर पडल्या पडल्या सांगत होते, तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून एकच हात उरला होता त्यानं सांगत होते. आणि तो हात मी दाबून धरला. रोज धरला. वरून हसली.

टेकचंदकाका त्याले घेऊन आले ते सपरीतूनच आले. बाबुजीनं पाहिलं. रडले नाहीत, आवाज केला नाही. त्याच्याकडे पाहिलं, मंग माझ्याकडे पाहिलं. मंग डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून ते खात नाहीत. मी भात मऊ कालवून त्यांच्यासमोर बसते, घास ओठापाशी नेते, ते दात दाबून घेतेत. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तं मले बरं वाटलं असतं. मायच्या हातचं घेत नाहीत, टेकचंदकाकाच्या हातचं घेत नाहीत. चमच्यानं थोडं पाणी जाते. डॉक्टर म्हणते नाकातून नळी टाकू, पण अशानं माणूस टिकत नाही, घरच्या कोणी समजावून पाहा. घरचे म्हणजे कोण उरलो? मी समजावून पाहिलं. पायावर डोकं ठेवून माफी मागितली, निक्या. त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मंग मी घास पुढं केला आणि त्यांनी तोंड फिरवलं.

तू आलास तं खातील का, मले माहीत नाही. तू त्यांचं मनगट पिळून गेलास, त्याचं त्यांच्या मनात काय आहे तेही माहीत नाही. पण काल मायनं सहज तुझं नाव घेतलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले होते. आज अंगात तितकीही ताकद दिसत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, घाई करू नको. ते पत्र फाडून टाक. हे हातात पडलं का निघ. अंगावरच्या कपड्यानिशी निघ, भांडायले ये, मले शिव्या द्यायले ये, पण ये. त्याआधी कुत्र्यासाठी ये म्हटलं होतं. आता कुत्रा नाही. बाबुजीसाठी ये.

घास हातात घेऊन बसलेली,
रीना